संथ वाय-फायचे निदान : लिनक्समधील बिनतारी ड्रायव्हरांचा इतिहास (१९९७–२०१७)

प्रास्ताविक

संगणक सुरू आहे, पडद्यावरील वाय-फायच्या चिन्हातील सर्व रेषा भरलेल्या आहेत, आणि तरीही अपेक्षित पान उघडत नाही, हा अनुभव आज सार्वत्रिक झाला आहे. अशा वेळी दोष कोणाचा, या प्रश्नाची उत्तरे सहसा ठरलेली असतात. भिंती जाड आहेत, उपकरण जुने झाले आहे, सेवा पुरविणारी कंपनी कमी वेग देते, किंवा वापरणाऱ्यालाच ते नीट वापरता येत नाही. प्रत्यक्षात अनेकदा दोष या चारांपैकी कोठेच नसतो. बिनतारी चिप आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांना जोडणाऱ्या आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये तो दडलेला असतो.

प्रस्तुत लेखात लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममधील बिनतारी ड्रायव्हरांचा सुमारे वीस वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या अनुषंगाने तपासला आहे. लिनक्सची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, घरोघरी दिसणाऱ्या बहुसंख्य राउटरांमध्ये हीच प्रणाली काम करीत असते. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, तिचा कोड आणि त्यात झालेला प्रत्येक बदल तारखेसह उपलब्ध आहे. त्यामुळे दोष कोठे होता आणि तो कसा दूर झाला, याचे समकालीन लिखित साधन अभ्यासकाच्या हाती येते. या साधनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. संथ वाय-फायचे निदान लांबले ते तांत्रिक ज्ञान अपुरे होते म्हणून नव्हे. ड्रायव्हरचा गाभा दीर्घकाळ वाचता येत नव्हता, आणि जे मोजले जात होते त्यात हा दोष दिसणे शक्यच नव्हते. लेखाचे प्रतिपादन या दोन कारणांभोवती फिरते.

१. सामाईक लहर आणि वेगाचा निर्णय

बिनतारी जाळ्याची पूर्वपीठिका हवाई विद्यापीठात सापडते. तेथे नॉर्मन अब्रामसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ ही रेडिओवर चालणारी संगणक जोडणी कार्यान्वित केली. एकच लहर अनेकांनी वापरायची, दोघांचे संदेश एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा पाठवायचे, हे तिचे तत्त्व होते. १९९७ मध्ये मान्य झालेल्या ‘८०२.११’ या मानकाचा पायाही सामाईक लहर हाच आहे. त्याचा आरंभीचा वेग सेकंदाला १ व २ मेगाबिट होता. पुढील काही वर्षांत तो ११ आणि ५४ मेगाबिटांवर गेला. खोक्यावर छापले जाणारे आकडे ते हेच.

हे आकडे म्हणजे कमाल मर्यादा होत. प्रत्यक्षात एका वेळी एकालाच बोलता येते. पाठविलेल्या प्रत्येक संदेशाची पोच यावी लागते, आणि पोच न आल्यास तो पुन्हा पाठवावा लागतो. वारंवार अपयश आल्यास वेग कमी करून प्रयत्न केला जातो. वेग केव्हा आणि किती कमी करायचा, हा निर्णय हवा घेत नाही, आज्ञावली घेते. बहुतेक लिनक्स ड्रायव्हरांत हे काम ड्रायव्हरकडे किंवा त्याच्या वरच्या थराकडे होते. आरंभीच्या पद्धती पाठोपाठ आलेल्या अपयशांची संख्या मोजून वेग उतरवीत. त्यामुळे शेजारच्या एखाद्या उपकरणाने क्षणभर घातलेल्या व्यत्ययाचा अर्थ ‘अंतर वाढले’ असा लावला जाई, आणि राउटरजवळ ठेवलेला संगणकही रांगत चाले.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जॉन बिकेट यांनी २००५ मधील आपल्या प्रबंधात या विचारसरणीलाच हात घातला. पुन्हा पाठविण्यासह एक संदेश पोचायला एकूण किती वेळ लागतो, हा निकष त्यांनी मांडला. मोठ्या वेगाने पाठविताना काही संदेश हरवले तरी चालतील. एकूण वेळ कमी लागत असेल तर तोच वेग योग्य, हे त्यातील सूत्र होते. पुढे ‘मिन्स्ट्रेल’ ही प्रयोग करीत शिकणारी पद्धत डिसेंबर २००८ च्या लिनक्स आवृत्तीत समाविष्ट झाली. मोजण्याची वस्तू बदलली की दोषाचे रूप बदलते, याचे हे पहिले ठळक उदाहरण म्हणता येईल.

२. बंद गाभा आणि घरगुती उपाय

या शतकाच्या पहिल्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांपुढे खरा प्रश्न होता तो ड्रायव्हर मिळण्याचाच. अनेक चिप-उत्पादक आपल्या चिपची माहिती देत नसत. विंडोजसाठी तयार केलेला ड्रायव्हर एका आवरणात गुंडाळून लिनक्समध्ये चालविण्याची ‘एनडिसरॅपर’ नावाची सोय त्यामुळेच लोकप्रिय झाली. अथेरॉस कंपनीच्या चिपसाठी ‘मॅडवायफाय’ हा ड्रायव्हर होता. मात्र चिपशी प्रत्यक्ष बोलणारा त्याचा गाभा बंद स्वरूपातच दिला जाई. चिप कोणत्याही लहरीवर व कितीही शक्तीने प्रसारण करू शकते, म्हणून सरकारी नियमांचे पालन होण्यासाठी हा भाग उघड करता येत नाही, असे त्याचे समर्थन केले जाई. कायद्याच्या दृष्टीने या युक्तिवादात तथ्य असेलही. परंतु निदानाच्या दृष्टीने त्याचा परिणाम गंभीर होता. दोष बंद भागात असल्यास त्याचा मागोवा तेथेच थांबत असे.

ही कोंडी फोडण्याचे मार्ग वेगवेगळे होते. ब्रॉडकॉमच्या चिपबाबत एका गटाने उपलब्ध ड्रायव्हर उलगडून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहिले, आणि मूळ ड्रायव्हर न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर तयार केला. तो जून २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, समाविष्ट झाला. जुलै २००७ मध्ये ‘मॅक८०२११’ हा सर्व ड्रायव्हरांसाठीचा सामाईक थर आला, आणि प्रत्येकाने तेच काम स्वतंत्रपणे व स्वतंत्र चुका करीत करण्याची गरज कमी झाली. ओपनबीएसडी प्रकल्पातील राइक फ्लोटर यांच्या कामावर आधारलेला ‘एटीएच५के’ हा मुक्त ड्रायव्हर एप्रिल २००८ मध्ये आला. त्याच वर्षी अथेरॉसनेही भूमिका बदलली, आणि तिने खुला केलेला ‘एटीएच९के’ हा ड्रायव्हर ऑक्टोबर २००८ च्या आवृत्तीत दाखल झाला. या ड्रायव्हरच्या चिपला वेगळी बंद आज्ञावली भरावी लागत नसे. पुढील संशोधनात त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले, त्याचे कारण हेच आहे.

कोड खुला झाल्यावर निदानाची एक नवी पद्धतही हाती आली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ या साधनात प्रत्येक बदलाची नोंद राहते. एखादी आवृत्ती चांगली व नंतरची बिघडलेली असेल, तर मधल्या बदलांची यादी निम्म्यावर तोडून तपासायची, आणि दोष ज्या अर्ध्यात असेल तो पुन्हा निम्मा करायचा, अशी ही द्विभाजन पद्धत आहे. हजार बदलांतून दोषी बदल शोधण्यास साधारण दहा चाचण्या पुरतात. कालनिश्चिती करून कारण शोधण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासकाला परकी वाटणार नाही.

तथापि, सामान्य वापरणाऱ्यांत रूढ झाले ते उपायच. चिपची वीजबचत बंद करणे, ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढविणे, इंटेलच्या ड्रायव्हरला ‘८०२.११एन’ ही नवी पद्धत न वापरण्याची सूचना देणे, असे त्यांचे स्वरूप होते. यांपैकी शेवटचा उपाय विशेष बोलका आहे. कागदावरील कमाल वेग त्याने कितीतरी खाली येई, आणि तरीही अनेकांना जोडणी अधिक चांगली वाटे. म्हणजे चांगली जोडणी आणि मोठा वेग या एकच गोष्टी नाहीत, हे अनुभवाने कळत होते. त्याचे स्पष्टीकरण मात्र अद्याप मिळालेले नव्हते. गुण आला म्हणून रोग ओळखला गेला, असे होत नाही.

३. फुगलेल्या रांगा

हे स्पष्टीकरण बिनतारी क्षेत्राबाहेरून आले. जाळ्यावरून जाणारी पॅकेटे पुढे जाण्यापूर्वी रांगेत थांबतात. रांग जितकी मोठी तितके चांगले, कारण पॅकेट टाकून द्यावे लागत नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. जॉन नेगल यांनी डिसेंबर १९८५ मध्येच, साठवण अमर्याद असली तरी जाळे कोंडू शकते, असे दाखवून दिले होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कले यांच्यामधील जोडणी सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळली. ही दोन ठिकाणे सुमारे ४०० यार्डांवर होती. व्हॅन जेकबसन यांनी या घटनेचा अभ्यास करून १९८८ मध्ये जो तोडगा मांडला, त्यावर आजचे इंटरनेट उभे आहे. पॅकेट हरवले की पाठविणाऱ्याने वेग कमी करायचा, हे त्याचे सार होय. म्हणजे वेळेवर हरविलेले पॅकेट हा बिघाड नसून निरोप आहे. रांग अवाढव्य असेल, तर हा निरोप वेळेवर पोचत नाही.

पुढील दोन दशकांत साठवण स्वस्त झाली आणि रांगा लांबत गेल्या. एक्स विंडो प्रणालीचे एक शिल्पकार जिम गेटिस यांनी २०१० मध्ये घरून मोठ्या प्रमाणात फाइली पाठवीत असताना आपल्या जोडणीतील विलंब सेकंदाच्या वर गेल्याचे पाहिले व त्याचा चिकाटीने माग काढला. या दोषाला त्यांनी ‘बफरब्लोट’, म्हणजे रांगांची सूज, असे नाव दिले. सूज केवळ एका उपकरणात नव्हती. घरातील राउटर आणि लॅपटॉपचा बिनतारी ड्रायव्हर यांच्यातही ती आढळली.

तिचे प्रमाण साध्या गणिताने समजते. लिनक्समध्ये जाळ्याच्या उपकरणासाठी १,००० पॅकेटांची रांग सर्वसाधारणपणे ठरलेली असे. एक पॅकेट १,५०० बाइटचे धरले, तर भरलेल्या रांगेत १ कोटी २० लाख बिट मावतात. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेवर ती ०.१२ सेकंदात रिकामी होते. तीच रांग ६ मेगाबिटांवर उतरलेल्या वाय-फायवर दोन सेकंद आणि १ मेगाबिटावर बारा सेकंद घेते. तारेवर जी संख्या निरुपद्रवी ठरते, ती लहरीवर घातक ठरते, कारण बिनतारी वेग क्षणोक्षणी बदलतो आणि ठरावीक संख्येच्या रांगेला त्याचा पत्ता नसतो.

एवढा मोठा दोष नजरेआड राहिला, कारण वेगाच्या चाचणीत तो येतच नाही. एक मोठी फाइल किती वेळात उतरते, हे मोजले तर भरलेली रांग उत्तमच ठरते. मार्ग कधी रिकामा राहत नाही. त्या फाइलच्या मागे अडकलेला एक छोटा संदेश, एखादा बोललेला शब्द किंवा पान मागणारी विनंती किती वेळ थांबली, हे मात्र कोणी विचारीत नव्हते. बखर आणि अस्सल पत्र यांतील फरक इतिहासाच्या प्राध्यापकांना सांगावयास नको. पडद्यावरच्या भरलेल्या रेषा आणि वेगाचा आकडा हे बखरीसारखे आहेत. त्यांत सर्व ठीक असल्याचेच वर्णन असते. प्रत्येक पॅकेट केव्हा निघाले व केव्हा पोचले, ही नोंद अस्सल पत्राच्या मोलाची. जाळ्यावर भार टाकून त्याच वेळी विलंब मोजणे, ही निदानाची कसोटी या वादातून पुढे आली.

४. दुरुस्तीनंतर उरलेला दोष

कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तिच्यात रांगेची लांबी मोजली जात नाही, तर पॅकेट रांगेत किती वेळ थांबले हे मोजले जाते. १०० मिलिसेकंदांच्या कालावधीत हा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर पॅकेट टाकून पाठविणाऱ्याला इशारा दिला जातो. तिला प्रत्येक प्रवाहाच्या स्वतंत्र रांगेची जोड देऊन तयार झालेली ‘एफक्यू-कोडेल’ ही पद्धत एरिक ड्युमाझे यांनी त्याच वर्षी लिनक्समध्ये आणली. तारेच्या जोडणीवर तिचा परिणाम तत्काळ दिसला; वाय-फायवर मात्र विलंब पुरेसा घटेना.

याचे कारण ‘एटीएच९के’च्या रचनेत होते. ‘८०२.११एन’ या २००९ मध्ये मान्य झालेल्या मानकात एकाच ठिकाणी जाणारी अनेक पॅकेटे एकत्र बांधून पाठविण्याची सोय होती. प्रत्येक प्रसारणाआधीची प्रतीक्षा आणि नंतरची पोच यांत जाणारा वेळ त्यामुळे वाचतो. परंतु मोट बांधायची तर पॅकेटे आधी जमवावी लागतात. म्हणून ड्रायव्हरने आपली स्वतंत्र रांग ठेवली होती. वरच्या थरात बसलेली नवी पद्धत आपली रांग आखूड ठेवीत होती, आणि तिच्या हातून सुटलेली पॅकेटे खालच्या रांगेत साचत होती. ती रांग तिला दिसतच नव्हती.

या ठिकाणी ‘दोष’ या शब्दाचा अर्थ तपासून घेणे आवश्यक आहे. कोडची एखादी ओळ चुकलेली होती, असे नाही. वरचा थर आपल्या नियमाने बरोबर होता आणि ड्रायव्हरची रांगही एका रास्त गरजेतून निर्माण झालेली होती. नोंदवहीत चुकीचा संदेश उमटत नव्हता, पॅकेटही हरवत नव्हते. दोष होता तो दोन थरांच्या सांध्यात. प्रत्येक थराचा लेखक आपापल्या भागाची ग्वाही देऊ शकत होता. संपूर्ण वाटेची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती.

हा सांधा शोधण्याचे काम डेव्ह टाट (निधन : एप्रिल २०२५) आणि त्यांच्याभोवती जमलेल्या अभियंत्यांनी केले. त्यासाठी त्यांनी ‘सेरोडब्ल्यूआरटी’ ही राउटरसाठीची प्रायोगिक आज्ञावली चालविली. ‘एटीएच९के’वर चालणारे राउटर त्यासाठी मुद्दाम निवडले गेले, कारण तेथे खालच्या थरापर्यंत वाचता व बदलता येत होते. रांग सामाईक थरात आणणेही सोपे नव्हते. पॅकेटाला क्रमांक देणे आणि काही सांकेतिकीकरणाच्या पायऱ्या पॅकेट रांगेतून बाहेर पडल्यावर करणे भाग होते. अन्यथा मधले पॅकेट टाकताच पुढचा क्रम बिघडे. २०१६ व २०१७ मध्ये हे बदल मुख्य कर्नलमध्ये स्वीकारले गेले.

५. समान संधी की समान वेळ?

रांगेचा प्रश्न सुटला तरी एक जुना प्रश्न उरत होता. ग्रेनोबल येथील मार्टिन ह्यूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे दाखविले होते की, एक उपकरण कमी वेगावर उतरले तर त्या जाळ्यावरील सर्वांचाच वेग त्याच्या पातळीच्या आसपास येतो. ८०२.११ चा नियम प्रत्येकाला संदेश पाठविण्याची समान संधी देतो. समान वेळ देत नाही.

समजा, एक उपकरण ५४ मेगाबिट वेगाने व दुसरे ६ मेगाबिट वेगाने चालते आणि दोघांना आलटून पालटून सारखेच पॅकेट पाठवायचे आहे. इतर खर्च वगळल्यास दुसऱ्याला प्रत्येक पॅकेटास नऊपट वेळ लागेल. म्हणजे एकूण प्रसारणकाळाचा ९० टक्के भाग ते घेईल आणि दोघांच्याही पदरात सेकंदाला ५.४ मेगाबिट पडतील. हाच काळ निम्मा निम्मा वाटला, तर पहिल्याला २७ व दुसऱ्याला ३ मेगाबिट मिळतील. एकूण वाहतूक १०.८ वरून ३० मेगाबिटांवर जाईल. संथ उपकरणाचे काही नुकसान होते हे खरे. पण पहिल्या व्यवस्थेत तोटा सर्वांचा होता आणि त्याचे कारण कोणालाच दिसत नव्हते.

टोके होइलँड-यॉर्गनसेन, मिखाल काझिओर, डेव्ह टाट, पेर हुर्टिग व आना ब्रुनस्ट्रोम यांनी २०१७ च्या युझेनिक्स परिषदेत या दोन्ही प्रश्नांचे एकत्रित उत्तर मांडले. रांगा सामाईक थरात आणून प्रत्येक उपकरणाने वापरलेला प्रसारणकाळ राउटरने मोजावा आणि त्यानुसार पाळी द्यावी, अशी ही योजना होती. तिच्यासाठी वापरणाऱ्यांच्या उपकरणांत काहीही बदल करावा लागत नव्हता. भाराखालील विलंब सुमारे दहापटीने घटल्याचे त्यांच्या प्रयोगांत आढळले. चिप तीच, लहर तीच आणि भिंतीही त्याच होत्या; बदलला होता तो ड्रायव्हर आणि त्याच्या वरचा थर.

६. वाचण्याच्या अधिकाराचा प्रश्न

हे संशोधन चालू असतानाच त्याचा पायाच डळमळू लागला होता. राउटरमधील रेडिओचे अनधिकृत फेरबदल रोखण्यासाठी अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने जे नियम पुढे आणले, त्यांमुळे उत्पादक संपूर्ण राउटरच कुलूपबंद करतील अशी भीती २०१५ मध्ये निर्माण झाली. टाट आणि इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांच्यासह अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आयोगाला पत्र लिहून उलट सूचना केली : बंदी घालण्याऐवजी उत्पादकांना कोड खुला करण्यास सांगावे. मुक्त आज्ञावलीवर बंदी घालण्याचा हेतू नाही, असे आयोगाने नंतर स्पष्ट केले. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंक कंपनीशी झालेल्या तडजोडीत २ लाख डॉलर दंडाबरोबरच बाहेरची आज्ञावली राउटरवर चालू देण्यासाठी काम करण्याची अटही होती. दहा वर्षांपूर्वी मॅडवायफायच्या बंद गाभ्यासाठी दिला गेलेला नियमपालनाचा युक्तिवाद येथे पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी निदानाच्या गरजेने त्याला उत्तर दिले.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, संथ वाय-फायच्या दोषाने तीन वेळा आपली जागा बदलली. प्रथम तो वेग ठरविण्याच्या निर्णयात होता, नंतर रांगेत आणि शेवटी पाळी देण्याच्या नियमात. प्रत्येक वेळी उपलब्ध मोजमाप ‘सर्व ठीक आहे’ असेच सांगत होते, आणि प्रत्येक वेळी मोजण्याची वस्तू बदलल्यावरच कारण सापडले : अपयशांच्या संख्येऐवजी लागलेला वेळ, रांगेच्या लांबीऐवजी थांबलेला वेळ, आणि संधीऐवजी वापरलेला वेळ. वेळेचे हे मोजमाप ड्रायव्हरच्या आत शिरूनच करता येते. म्हणून खुला कोड ही केवळ काही हौशी तंत्रज्ञांची आवड न राहता निदानाची पूर्वअट ठरते.

या इतिहासाची दुसरी बाजू न्यायाची आहे. कारण दिसत नाही तेव्हा ठपका ठेवण्यासाठी सर्वांत जवळचा माणूस निवडला जातो, आणि तो बहुधा वापरणाराच असतो. परीक्षेचा अर्ज वेळेत न पोचलेला विद्यार्थी किंवा ऑनलाइन व्याख्यानात आवाज तुटणारा शिक्षक यांनी दिलेले कारण सबब म्हणून बाजूला सारले जाते. यंत्राची साक्ष माणसाच्या साक्षीपेक्षा अधिक खरी, हे आपण गृहीत धरतो. परंतु यंत्र आपल्याला जे मोजायला सांगितले आहे तेवढेच सांगते. त्याची साक्षही इतर कोणत्याही साधनाप्रमाणे तपासून घेतली पाहिजे, आणि ती तपासण्यासाठी यंत्राचा अंतर्भाग वाचता येण्याची सोय समाजाने राखली पाहिजे.